नवीन व्हिडिओ गेमचे रिव्ह्यू कसे वाचायचे आणि त्यातून आपला गेम कसा निवडायचा (गोव्यातल्या नवख्यांसाठी)

चवथीची सुट्टी जवळ आली किंवा दिवाळीचा सेल लागला की एक मेसेज हमखास येतो, दादा नवीन गेम कुठला घेऊ, सगळे म्हणतात अमुक एकदम भारी आहे, दहापैकी नऊ मिळालेत त्याला. मग तो गेम घेतला जातो, दोन संध्याकाळी खेळला जातो आणि नंतर नुसता हार्ड डिस्कवर पडून राहतो. यात गेम वाईट नसतो आणि रिव्ह्यूही खोटा नसतो, पण तो लिहिणाऱ्याची आवड वेगळी, मशीन वेगळं, हातात असलेला वेळ वेगळा. माझं ठाम मत आहे की रिव्ह्यूमध्ये सगळ्यात कामाची गोष्ट म्हणजे तक्रार. आकडा नाही, कौतुकही नाही. तक्रार नीट वाचली की कळतं हा गेम आपल्यासाठी आहे की नाही, कारण कित्येकदा दुसऱ्याची तक्रार हेच आपल्यासाठी गेम घ्यायचं कारण असतं. खाली पायऱ्या दिल्यात, त्याच क्रमाने जा, आणि मध्ये मध्ये अलीकडच्या गेमबद्दल माझी मतंही येतील, ती पटली नाहीत तरी चालेल.

पायरी १: आधी घरात काय आहे आणि करंट कसा आहे ते बघा

फोन आहे, ऑफिसच्या कामाचा लॅपटॉप आहे, ग्राफिक कार्डवाला पीसी आहे, सोनीचा पीएस५ (प्लेस्टेशन) आहे की निन्टेन्डोचा स्विच, इथूनच अर्धी यादी गळते. स्टीम या पीसी गेमच्या ऑनलाइन दुकानात प्रत्येक गेमच्या पानावर खाली ‘मिनिमम’ आणि ‘रेकमेंडेड’ असे दोन रकाने असतात, त्यातला रेकमेंडेड बघा, मिनिमम म्हणजे गेम कसाबसा चालू होईल एवढंच. जागाही बघा, बाल्डर्स गेट ३ ला १५० जीबी लागतात आणि तेही एसएसडीवर म्हणजे वेगवान डिस्कवर, आणि आपल्याकडे गावात नेट कसं आहे त्यावर तो एक रात्र डाउनलोड होईल की आठवडा ते ठरतं.

पावसाचा विचार रिव्ह्यूवाले कधीच करत नाहीत पण आपल्याला करावा लागतो. जून ते सप्टेंबर, सत्तरीत सांग्यात काणकोणात, अगदी फोंड्यातसुद्धा, एक झाड लाईनवर पडलं की करंट गेला, आणि करंट गेला की ऑनलाइन रँक मॅच गेली, वर मॅच सोडली म्हणून शिक्षाही होते. म्हणून पावसाळ्यात घ्यायचा गेम एकट्याने खेळायचा, ऑफलाइन चालणारा आणि वरचेवर सेव्ह होणारा असला तर बरं. एल्डन रिंग सतत स्वतःच सेव्ह करत राहतो, हेडीसमध्ये एक खोली पार केली की तिथपर्यंतचं राहतं, पण ज्या गेममध्ये ठराविक ठिकाणी जाऊनच सेव्ह होतं तिथे अर्धा तास फुकट जाऊ शकतो. पीसी असेल तर छोटा यूपीएस घ्याच, दहा मिनिटं मिळाली तरी नीट सेव्ह करून बंद करता येतं.

पायरी २: आकडा कुठून आलाय ते समजून घ्या

दोन आकडे सगळीकडे फिरतात आणि लोक ते एकच समजतात. मेटाक्रिटिक या साइटवरचा आकडा हा समीक्षकांनी दिलेल्या गुणांची सरासरी, पण साधी नाही, काही प्रकाशनांना जास्त वजन आणि कुणाला किती ते साइट सांगत नाही. स्टीमवरचा टक्का अगदी वेगळा, तिथे फक्त अंगठा वर किंवा अंगठा खाली. म्हणजे ९५ टक्के याचा अर्थ १०० पैकी ९५ लोकांनी ‘घ्या’ म्हटलं, गेम शंभरात पंचाण्णव गुणांचा आहे असा नाही. एखादा साधासा छोटा गेम ज्यांना आवडेल तेच घेतात म्हणून ९७ टक्क्यांवर असतो आणि एखादा मोठा धाडसी गेम ८२ वर अडकतो कारण तो सगळ्या प्रकारच्या लोकांनी घेतलेला असतो.

उदाहरण म्हणून मॉन्स्टर हंटर वाइल्ड्स घ्या, २८ फेब्रुवारी २०२५ ला आला. समीक्षकांनी डोक्यावर घेतला, महिन्याभरात एक कोटी प्रती खपल्या, आणि तरी स्टीमवर पीसीवाल्यांनी त्याला धुवून काढलं कारण चांगल्या चांगल्या मशीनवरही तो अडखळत होता. यात खोटं कोण बोललं? कोणीच नाही. देवळाच्या उत्सवातलं नाटक बघून पहिल्या रांगेतला माणूस म्हणतो काय अभिनय केला, आणि मागे माडाखाली उभा असलेला म्हणतो अर्धे संवाद ऐकूच आले नाहीत, दोघंही बरोबर असतात, तुम्ही कुठे उभे राहणार आहात तेवढं बघायचं.

स्टीमवर ‘रीसेंट’ म्हणून वेगळा टक्का असतो, तो साधारण मागच्या ३० दिवसांचा. जुना टक्का चांगला आणि रीसेंट पडलेला दिसला की समजा मध्ये काहीतरी झालंय, खराब अपडेट असेल, सर्व्हर बंद असतील किंवा कंपनीने काही नियम बदलला असेल. हेलडायव्हर्स २ चं मे २०२४ मध्ये हेच झालं. गेम मस्त चालला होता, मध्येच त्याची प्रकाशक कंपनी सोनीने सांगितलं की पीसीवाल्यांनाही प्लेस्टेशन अकाउंट जोडावं लागेल, लोकांनी काही दिवसांत लाखोंनी अंगठे खाली केले आणि सोनीला तो निर्णय मागे घ्यावा लागला. खेळ तोच होता, राग वेगळ्या गोष्टीचा होता. आणि कधी कधी राग गेम न खेळताच काढलेला असतो, २०२० मध्ये द लास्ट ऑफ अस पार्ट २ वर रिलीजच्या दिवशीच शून्य गुणांचा पाऊस पडला, एवढा मोठा गेम तेवढ्या वेळात संपवणं कुणालाच शक्य नव्हतं, त्यानंतर मेटाक्रिटिकने सामान्य लोकांच्या मतांसाठी ३६ तास थांबायचा नियमच केला.

पायरी ३: तक्रार उचला आणि तिचे तुकडे करा

ही पायरी सगळ्यात महत्त्वाची, म्हणून एकच गेम घेऊन नीट करून बघू. हॉलो नाइट: सिल्कसाँग. ४ सप्टेंबर २०२५ ला आला, ऑस्ट्रेलियातल्या ॲडलेडच्या टीम चेरी या छोट्या टीमचा, किंमत फक्त २० डॉलर, आणि पहिल्या दिवशी एवढी झुंबड उडाली की स्टीमसकट मोठमोठी ऑनलाइन दुकानं काही वेळ बसली. कौतुक सगळीकडे आहे, हाताने काढलेली चित्रं, संगीत, आपण खेळतो त्या हॉर्नेटची चपळ हालचाल. ते खरंच आहे. आता तक्रारी बघा, फिरून फिरून तीनच.

एक, शत्रू फार मारतात. सुरुवातीला तुमच्याकडे पाच मास्क म्हणजे पाच जीव असतात आणि बरेच शत्रू एका फटक्यात दोन काढतात. म्हणजे पाच जीव असूनही तुम्ही खरं तर तीनच फटके झेलू शकता, तिसऱ्याला संपलात. ही तक्रार अगदी खरी आहे आणि मोजता येते.

दोन, बॉसपर्यंतचा, म्हणजे त्या भागातल्या मोठ्या शत्रूपर्यंतचा रस्ता. मेलात की शेवटचं जिथे बसला होतात त्या बाकावर जागे होता आणि तिथून उड्या मारत काटे चुकवत परत बॉसपर्यंत जायचं. लास्ट जज नावाच्या बॉसचा रस्ता तर याच्यासाठीच कुप्रसिद्ध झाला. इथे स्वतःला विचारा, दिवसभर काम करून रात्री जेवून नऊ वाजता बसल्यावर तुम्हाला हे चालेल का. नाही चालत असेल तर तुमच्यासाठी हा गेम नाही, आणि त्यात काही कमीपणा नाही.

तीन, पैसे कमी मिळतात आणि काही ठिकाणी बाकावर बसायलाही पैसे मोजावे लागतात. ही मला लहान तक्रार वाटते, पुढे पुढे तिचं काही वाटत नाही.

आता बघा, पहिल्या दोन तक्रारी वाचून एखादा म्हणेल अरे हेच तर हवंय मला, चुकलं की परत जायचं, शिकायचं, आणि शेवटी बॉस पडला की घरभर ओरडायचं. त्याने डोळे झाकून घ्यावा. माझं मत विचाराल तर गेल्या काही वर्षांतला हा सर्वांत सुंदर बांधलेला गेम आहे, पण पहिलाच गेम म्हणून मी कुणालाही देणार नाही, आधी जुना हॉलो नाइट खेळा. रिलीजनंतर टीमने मूरविंग आणि सिस्टर स्प्लिंटर हे सुरुवातीचे दोन बॉस थोडे सोपे केले, म्हणजे तक्रार त्यांनाही पटली होती, तेव्हा रिव्ह्यूची तारीख बघायला विसरू नका.

तक्रार लिहिणाऱ्याचे तासही बघा, स्टीमवर प्रत्येक रिव्ह्यूशेजारी दिसतात. अर्ध्या तासात लिहिलेलं ‘बोअर आहे’ आणि साठ तास खेळून लिहिलेलं ‘शेवटचा भाग लांबवलाय’ यात दुसऱ्याला किंमत जास्त. फक्त एक अपवाद, गेम चालूच होत नाही, क्रॅश होतो, ही तक्रार दहा मिनिटांच्या माणसाचीही खरी धरा.

पायरी ४: प्रकार बदलला की मोजमाप बदलतं

एकाच फूटपट्टीने सगळे गेम मोजता येत नाहीत. प्रकाराप्रकाराने काय बघायचं ते सांगतो, ज्यात मला जास्त बोलायचंय तिथे जास्त बोलेन.

टर्नवाले आरपीजी, म्हणजे एका पात्राची भूमिका घेऊन पाळीपाळीने लढायचे गेम. यात आधी गोष्ट आणि माणसं बघायची. क्लेअर ऑब्स्क्युर: एक्सपिडिशन ३३ हा गेम एप्रिल २०२५ मध्ये आला, फ्रान्सच्या सँडफॉल या नव्या स्टुडिओचा, आणि वर्षअखेरीला द गेम अवॉर्ड्समध्ये वर्षातला सर्वोत्तम गेम ठरला. कल्पनाच अंगावर येते, दरवर्षी एक चित्रकर्ती दूरच्या खांबावर एक आकडा रंगवते आणि त्या वयाची सगळी माणसं त्या दिवशी विरून जातात, आकडा दरवर्षी एकाने कमी होतो. लढाई पाळीपाळीने, पण शत्रूचा वार येताना अचूक वेळी बटण दाबून तो अडवता येतो आणि उलट मारता येतं, त्यामुळे हात रिकामे राहत नाहीत. तक्रारी? आतल्या भागांत नकाशा नाही, सगळीकडे सारखंच दिसतं, तेव्हा मागे जातोय की पुढे ते कळत नाही. आणि शेवटाकडे तुमचे लोक इतके ताकदवान होऊ शकतात की मोठे शत्रू दोन पाळ्यांत आडवे होतात, ज्यांना गोष्टीच्या शेवटी घाम गाळायचा असतो त्यांचा विरस होतो. मला गोष्टीने इतकं धरून ठेवलं की हे दोन्ही मी माफ केलं.

बाल्डर्स गेट ३ (ऑगस्ट २०२३) याहून मोठा, जे मनात येईल ते करून बघता येतं, दार फोडा, चावी चोरा, पहारेकऱ्याला गोड बोलून आत जा. पण एक गोष्ट इंग्लिश रिव्ह्यूत कधीच सापडणार नाही: वाचायला आणि ऐकायला प्रचंड आहे, सगळं इंग्लिशमध्ये, मराठी सोडा हिंदीही नाही. ज्याला इंग्लिश वाचायचा कंटाळा त्याला हा गेम डोंगर वाटेल. हीच अट ब्लू प्रिन्सला (एप्रिल २०२५), रोज नव्याने खोल्या मांडत मोठ्या वाड्यातली शेहेचाळिसावी खोली शोधायची, कोडी अप्रतिम, पण बरीचशी इंग्लिश शब्दांवर चालतात आणि हवी ती खोली यायला नशीबही लागतं. वही पेन घेऊन बसणार असाल तरच.

अवघड ॲक्शन. एल्डन रिंगमध्ये (२०२२) सोपा-अवघड असा पर्यायच नाही ही सगळ्यांची तक्रार, पण कुठेही फिरता येईल असं उघडं जग हाच त्याचा सोपा पर्याय आहे. सुरुवातीचा बॉस मार्गिट मारून टाकतोय? सोडा त्याला, दक्षिणेला जा, लेव्हल वाढवा, मदतीला आत्मे बोलवायला शिका आणि परत या. ब्लॅक मिथ: वुकाँग (ऑगस्ट २०२४) माकडराजाच्या चिनी कथेवरचा, दिसायला थक्क करणारा, मारुतीच्या गोष्टी ऐकत वाढलेल्या पोरांना पहिल्या मिनिटापासून आपला वाटतो, पण वाट दिसते तिथे जायला गेलं की अदृश्य भिंत आडवी येते. ही तक्रार मला शंभर टक्के मान्य.

रोगलाइक म्हणजे मेलं की पहिल्यापासून, पण प्रत्येक वेळी डाव वेगळा. यात बघायचं ते एवढंच की विसाव्या डावाला मजा येते का, म्हणून पाच तास खेळून लिहिलेला रिव्ह्यू इथे बिनकामाचा. हेडीसचा दुसरा भाग सप्टेंबर २०२५ मध्ये पूर्ण झाला, हत्यारं आणि वरदानं यांची जुळणी पहिल्या भागापेक्षाही श्रीमंत, पण गोष्टीचा शेवट घाईत गुंडाळल्यासारखा वाटला अशी बऱ्याच जणांची तक्रार होती आणि ती रास्त होती. नवख्यांना मात्र मी बलाट्रोच सांगतो. फेब्रुवारी २०२४ चा, एका माणसाने बनवलेला, साध्या फोनवर चालतो, नेट लागत नाही, करंट गेला तरी फरक नाही. पोकरचे हात जुळवायचे आणि १५० जोकरांपैकी हाती येतील त्यांनी गुण वाढवत न्यायचे. पोकर म्हटल्यावर आपल्याकडे घरच्यांच्या डोळ्यांपुढे मांडवीतल्या कॅसिनोच्या बोटी येतात, साहजिक आहे, पण यात खरे पैसे लावायची सोयच नाही. युरोपातल्या वयोगट ठरवणाऱ्या पेगी संस्थेनेही त्याला आधी १८ वर्षांवरचा शिक्का दिला आणि अपिलानंतर २०२५ मध्ये तो १२ वर आणला. आईबाबांना हे सांगा.

फुटबॉल. फातोर्ड्याला जाऊन मॅच बघणारे आपण, त्यामुळे ईए एफसी घरोघरी असणारच. रिव्ह्यूत दरवर्षी एकच तक्रार असते, मागच्याच गेमला नवी जर्सी घातलीय, आणि बहुतांश खरी असते. एफसी २६ ने ऑनलाइनसाठी वेगवान आणि करिअरसाठी खऱ्या फुटबॉलसारखा संथ असे दोन ढंग वेगळे केले, हे मला खरंच आवडलं. तुम्ही मित्रांबरोबर सोफ्यावर बसून खेळत असाल तर जुना एफसीही चालेल. आणि ईए एफसीच्या अल्टिमेट टीम या भागातली पाकिटं, पैसे भरून फोडायची आणि आत कुठला खेळाडू येईल माहीत नाही, हा प्रकार बेल्जियमने जुगार ठरवला आणि २०१९ पासून तिथे ईएला त्याचे पॉइंट विकणं बंद करावं लागलं. पोरांच्या हाती गेम देताना कार्ड सेव्ह करून ठेवू नका.

दोघांनी खेळायचे. हेझलाइट स्टुडिओचा स्प्लिट फिक्शन (मार्च २०२५), एकट्याने खेळताच येत नाही. गोष्ट साधीच आहे, संवाद काही ठिकाणी बाळबोध, पण दर थोड्या वेळाने खेळायची पद्धतच बदलते, आता ड्रॅगन, आता पिनबॉल, कंटाळायला जागाच नाही. एकाने घेतला की दुसऱ्याला फ्रेंड्स पासवर फुकट खेळता येतो. म्हापशाची माझी मावसबहीण, जिने कधी कंट्रोलर हातात धरला नव्हता, ती नवऱ्याबरोबर हा खेळते आणि आता तीच त्याला ओरडते उडी मार म्हणून.

लहान मुलांसाठी पीएस५ असेल तर ॲस्ट्रो बॉट, २०२४ चा सर्वोत्तम गेम, वाचायला जवळजवळ काही नाही, कंट्रोलर हातात पावसाच्या थेंबांसारखा टपटपतो. लवकर संपतो ही तक्रार, मुलांना तो परत परत खेळायचा असतो म्हणून ती लागूच होत नाही.

आणि आपल्या बाजूचा एक, राजी, पुण्याच्या नॉडिंग हेड्सचा, २०२० चा. चित्रं आणि बाहुल्यांच्या सावल्यांतून सांगितलेल्या देवांच्या कथा मन भरून टाकतात, लढाई तोचतोचपणाची, कॅमेरा आपल्याला फिरवता येत नाही, आणि गोष्ट ऐन रंगात तुटते. आपला म्हणून गुण वाढवू नका, पण सेलमध्ये जरूर घ्या.

पायरी ५: केव्हा घ्यायचा ते ठरवा

घाई नको. सायबरपंक २०७७ डिसेंबर २०२० मध्ये आला तेव्हा रिलीजआधी समीक्षकांना फक्त पीसीची प्रत मिळाली होती, स्वतः रेकॉर्ड केलेला व्हिडिओ दाखवायलाही मनाई होती, म्हणून आकडे उंच दिसले, आणि पीएस४ वर लोकांनी लावला तर खेळण्याच्या लायकीचा नव्हता, सोनीने दुकानातूनच काढला, तो परत आला जून २०२१ मध्ये. तोच गेम सप्टेंबर २०२३ च्या २.० अपडेटनंतर इतका सुधारला की आज मी तो आनंदाने सुचवतो. तेव्हा तुमच्या मशीनवरचा रिव्ह्यू रिलीजआधी दिसत नसेल तर थांबा.

फक्त सर्व्हरवर चालणाऱ्या गेमला वेगळा नियम, तिथे गर्दी आहे का बघायचं. कॉनकॉर्डला खेळाडूच मिळाले नाहीत, तो २३ ऑगस्ट २०२४ ला आला आणि ६ सप्टेंबरला बंदही झाला. पैसे परत दिले म्हणून बरं.

पायरी ६: पहिले दोन तास नीट वापरा

स्टीमवर घेतल्यापासून १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असेल तर रिफंड मिळतो. हे दोन तास कॅरेक्टरचं नाक रंगवण्यात घालवू नका. आधी सेटिंगमध्ये जाऊन ग्राफिक्स आपल्या मशीनला जुळवा, मग थेट पहिल्या लढाईपर्यंत किंवा पहिल्या गजबजलेल्या गावापर्यंत जा, कारण अडखळायचं असेल तर तिथेच अडखळतं. अक्षरं सोफ्यावरून वाचता येतात का बघा. जी तक्रार वाचून तुम्ही साशंक होता ती स्वतः तपासा. दीड तासाला गेम बंद करा, चहा घ्या, आणि परत लावावासा वाटतोय का ते बघा.

पायरी ७: मग तुम्ही लिहा

आपल्या ग्रुपवर मराठीत लिहा, चार ओळी पुरेत, पण त्यात हे असू द्या: कुठल्या मशीनवर खेळलात, किती तास, कुठे अडकलात, इंग्लिश किती लागतं, नेट गेलं तर काय होतं, आणि एक तरी तक्रार. डिचोलीतला कोणी चार वर्षं जुन्या लॅपटॉपवर तोच गेम घ्यायचा विचार करत असेल तर त्याला परदेशातल्या मोठ्या साइटपेक्षा या चार ओळींचा उपयोग जास्त. गोष्टीचा शेवट मात्र फोडू नका, एक्सपिडिशन ३३ चा तर अजिबात नाही.